मधीच थांबणारा मिक्सर

बोलता बोलता ते एकाएकी हाताचा पंजा वर करायचे. पाची बोटं ताठ, तळवा तुमच्या नाकासमोर आणि मान रुळाच्या दिशेला. म्हणायचे, "थांबा. गाडी जाऊ द्या."

मग तुम्ही तहसीलदार असा, नाहीतर तुमच्या धोतराला आग लागलेली असो, थांबायचं. गाडी धडधडत यायची, निघून जायची. शेवटच्या डब्यामागं एक पाटी असते. ती दिसली म्हणजे गाडी पुरी गेली, एखादा डबा तुटून मागं राहिला नाही, असं समजायचं. ती पाटी डोळ्यांनी पाहिल्यावरच पंजा खाली यायचा. "पाटी दिसली. बोला आता."

मी एकदा प्रयोग केला. पंजा वर असताना बोलतच राहिलो. आता, माझं बोलणं थांबवणं परतूर तालुक्यात आजवर कुणाला जमलेलं नाही. माझ्या लग्नात भटजींनाही जमलं नव्हतं, मंगलाष्टकं माझ्या बोलण्यात जागा मिळेल तशी उरकली. पण त्या पंज्यासमोर माझी जीभ अशी टाळूला चिकटली की पुढचे दोन दिवस मी हॉटेलात खुणेनं भजी मागवत होतो.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याचं नाव कागदावर एक असतं आणि तोंडात दुसरंच. यांना सगळे गेटवाले मामा म्हणायचे. परतूरच्या बाहेर रुळावर एक गेट होतं, तिथं बत्तीस वर्षं त्यांनी गाड्यांना वाट दिली आणि माणसांना थांबवलं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. मामा म्हणायचे, "बाप मेंढरं थांबवायचा, मी मान्सं थांबवली. मेंढरं लवकर ऐकत्यात."

मग रुळाखालून भुयारी रस्ता झाला. गेटच्या जागी भिंत आली आणि मामा त्याच वर्षी रिटायर झाले. लोक म्हणाले, बरं झालं, आता थांबावं लागत नाही. खरंच आहे. आता कुणीच थांबत नाही.

त्या 'कुणीच'मध्ये माझं गिऱ्हाईक आलं. गेटला लागूनच माझं दुकान. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. गेट लागलं की लोक गाडीवरून उतरायचे, दुकानात डोकवायचे, माझ्या दोन थापा ऐकायचे आणि घरचा बंद पंखा आठवून जायचे. भुयारी रस्ता झाल्यापासून आमची सडक भिंतीला जाऊन टेकते. कुत्रंसुद्धा भिंत पाहून वळतं, आणि वळताना माझ्याकडं अशा नजरेनं बघतं की बिस्कीट मलाच टाकेल.

राहता राहिले मामा. भिंतीच्या अलीकडं, उंचवट्यावर त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. खिडकीतून भिंतीपलीकडचा रूळ दिसायचा. मामी वारल्या होत्या. एकुलती एक पोरगी संगीता पुण्यात एका दवाखान्यात कामाला. मामा एकटे, बायको गेल्यापासून मीही घरी एकटा. पण शेजारी असून आमचा रामराम सोडून संबंध नव्हता. त्यांच्याकडं कधी काही बिघडत नव्हतं आणि माझ्याकडं थांबवण्यासारखं काही नव्हतं.

मग एका सकाळी मामा बगलेत मिक्सर घेऊन आले. नारिंगी रंगाचा, जुना, मामींनी हौसेनं घेतलेला. दुकानात यायच्या आधी त्याचा वास आला. जळालेल्या वायरीचा, आणि त्यात कॉफीचा.

"मामा, मिक्सरला कॉफी पाजली का?"

"मिक्सरला न्हाई. मला पाजायलती पोरगी."

झालं होतं असं. मामांना शुगर निघाली. त्यांची सकाळ म्हणजे परातीएवढ्या बशीत चहा, चहात मूठभर साखर आणि त्यात भाकर कुस्करलेली. पोरीनं ते सगळं बंद केलं. पुण्याहून एक डबा पाठवला, त्यात प्रोटीनची पावडर. आणि फोनवर कृती सांगितली. आदल्या दिवशी बिनसाखरेची काळी कॉफी करून फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी मिक्सरच्या भांड्यात ती गार कॉफी, अर्धी वाटी साय काढलेलं दूध, डब्यातल्या मापानं एक माप पावडर, चमचाभर भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, दालचिनीची चिमूट आणि बर्फ. साखर नाही, गूळ नाही, केळं नाही, खजूर नाही.

"म्हन्ली, बाबा, यात कार्ब कमी राह्यते," मामा म्हणाले. "म्या इचारलं, कार्ब म्हंजी काय गं? तर म्हन्ली, जे गोड लागतं ते, आन जेच्यानं पोट भरतं ते. मंग म्हन्लं, राह्यलं काय? तर म्हन्ली, राह्यलं ते प्या."

मी मिक्सर उलटा केला. मोटार कोळसा झाली होती. भट्टीत घातली असती तरी इतकी एकसारखी जळली नसती.

"किती वेळ फिरवला?"

"पोरीनं सांगितलं तेवढाच. बराबर. बिलकुल जास्त न्हाई."

"किती सांगितला होता?"

"पॅसेंजर जाईस्तोर."

तुम्ही हसाल, पण त्या घरात घड्याळ हे भिंत झाकायला होतं. संगीता रुळाच्या कडेला वाढलेली. मामींनी तिला अंडं उकडायला शिकवलं ते मालगाडी जाईपर्यंत, आणि दूध उतू जाऊ न द्यायला शिकवलं ते एक्स्प्रेस जाईपर्यंत. तेव्हा बापाला समजेल अशा भाषेत पोरीनं सांगितलं, पॅसेंजर जाईल इतकाच फिरवा. परतूर स्टेशन सोडून पॅसेंजर निघते, मोजून थोडे डबे. हिशेब चोख होता. फक्त त्या दिवशी पॅसेंजर लेट होती.

"मग?"

"मंग मालगाडी आली. आता गाडी ती गाडी. म्या एक हात मिक्सरच्या झाकनावर ठेवला, एक हात वर केला. दोन विंजनं होती हो मिस्त्री. डबे सरायलेच न्हाईत. मिक्सरमधून धूर निघायला लागला."

"आणि तुम्ही बंद नाही केला?"

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच रूळ उखडलेत. "पाटी न्हाई दिसली तर हात खाली कसा घेऊ?"

मी मोटार नवीन भरून दिली. आता स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण माझ्या हातचा मिक्सर असा फिरतो की वाटूरच्या एका बाईनं त्यात चटणी वाटली तर खोबरं झाडावर परत जाऊन बसलं होतं. मामांनी चाचणी म्हणून दुकानातच शेक केला. अर्धा मला दिला. पहिल्या घोटाला माझ्या डोळ्यांसमोरून परभणीपर्यंतची सगळी स्टेशनं गेली. दुसऱ्याला ती परत आली. तिसऱ्या घोटाला मात्र, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. गार, कडवट, मागून शेंगदाणा.

"कसं है?" मामांनी विचारलं.

"मामा, हे गोड असतं तर चांगलं लागलं असतं."

"मीबी तेच म्हन्लं तिला," मामा म्हणाले, आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आठ दिवसांनी मामा परत आले. मिक्सर बगलेत. चेहरा असा की शेजारच्या खोलीत कुणीतरी गेलंय.

"काय झालं? बंद पडला?"

"न्हाई हो. तेच तर. बंद पडायलाच न्हाई."

मी कान साफ केले. तीस वर्षं धंदा करतोय. मिक्सर चालत नाही म्हणून शिव्या खाल्ल्या आहेत, एकदा एका सासूनं भांडं फेकून मारलंय. पण चालतो म्हणून तक्रार घेऊन आलेला हा पहिलाच माणूस.

मामा स्टुलावर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. संगीता रोज सकाळी कामावर निघायच्या आधी व्हिडिओ कॉल लावायची. बाबा शेक करतात का, पितात का, डोळ्यांनी पाहायची. मिक्सर जळाला होता त्या दिवसांत मामा मामींच्या रवीनं कॉफी घुसळत. त्याला वेळ लागायचा. दोरी निसटायची, पावडरच्या गुठळ्या व्हायच्या, पोरगी तिकडून हसायची, आईसारखं नका धरू, असं धरा म्हणायची. हसता हसता तिचं काहीतरी निघायचं. दवाखान्यातलं, खोलीवरचं. मामाही दोन शब्द बोलायचे. आता मिक्सर सुरू केला की घरात विमान उतरल्यासारखा आवाज. बोलणं ऐकू येत नाही. आवाज थांबतो तोवर ग्लास भरलेला.

"मंग ती म्हनती, प्या. मी पितो. म्हनती, झालं? म्हन्तो, झालं. म्हनती, ठेवते बाबा." मामांनी पंजा उलटा करून मांडीवर ठेवला. "पॅसेंजरपेक्षा कमी टाइम लागायलाय, मिस्त्री."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. माझ्यासारख्यानं ऐकायला घेतलं म्हणजे समजून घ्या.

"गेट लागलं ना, की मानूस बोलतो," मामा म्हणाले. "बत्तीस वर्सं पाह्यलं म्या. दोन सख्खे भाऊ, बांधावरून पाच वर्सं तोंड न पाह्यलेले, एक इकडं बैलगाडीत, एक मागं मोटारसायकलवर. मालगाडी मोठी होती. आधी दोघं हिकडं तिकडं बघितले. मंग एकानं इचारलं, बैल नवा का? बास. गाडी गेली, गेट उघडलं, तरी दोघं हालंनात. मागचे शिव्या देऊन राह्यले. गेट उघडं राह्यलं आस्तं तर ते भाऊ मेल्यावरच भेटले आस्ते."

मग त्यांनी मिक्सर माझ्याकडं सरकवला. "हेला एक गेट बशिवता का? मधीच थांबला पायजे."

आता बघा. या हातांनी मी सारा जन्म बंद पडलेलं चालू केलं. चालतं यंत्र मुद्दाम बिघडवायचं म्हणजे माझ्या धंद्याला काळिमा. मी मामांना सरळ नाही म्हटलं. ते उठले, मिक्सर बगलेत घेतला. पायरीपाशी जाऊन वळले.

"तिला बोलायचं राह्यतं हो," म्हणाले. "तोंडावर दिसतं. पन टाइम निघून जातो."

"आणा इकडं," मी म्हटलं.

मिक्सरच्या पोटाखाली एक लाल बटण असतं, तुम्ही पाहिलं असेल. मोटारीवर ताण आला की ते आपोआप बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. मोटार गार झाली की बटण आत दाबायचं, परत सुरू. जळू नये म्हणून केलेली ती सोय. मामांचं पहिलं बटण गंजून चिकटलं होतं, म्हणून तर मोटार जळाली; ते मी तेव्हाच बदललं होतं. मी मामांच्या मिक्सरचं बटण काढलं आणि त्या जागी एका लहानग्या मिक्सरचं, नाजूक प्रकृतीचं बटण बसवलं. इतकं नाजूक की कुणी जोरात शिंकलं तरी ते बाहेर येऊन 'काय झालं' विचारायचं.

दुसऱ्या दिवशी मी जागेवर चाचणी घ्यायला मामांच्या घरी गेलो. फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केलेला. मी कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून ओट्याखाली उकिडवा बसलो, चोरासारखा. डोक्यावर मिक्सर, गुडघ्याला सिलिंडर.

"बाबा, पावडर एकच माप टाकली ना?"

"एकच."

"कूट भाजलेल्या शेंगदाण्याचं आहे ना?"

"हाव."

"लावा मग. मला निघायचंय."

मामांनी मिक्सर लावला. घर्रर्र. बर्फाचे तुकडे भांड्यात डोकं आपटू लागले. आणि कट्! बंद.

"काय झालं?"

मामांनी पंजा वर केला. मला ओट्याखालून फक्त सावली दिसली. "थांब. गाडी जाऊ दे."

"मिक्सर बंद पडला का परत? मिस्त्रींनी दुरुस्त केला ना?"

"मिस्त्री ऱ्हायला थापाड्या," मामा म्हणाले. मी खालून त्यांच्या पायाला चिमटा काढला. "गार होऊ दे. पाच मिन्टात लागंल."

आधी तिकडून नुसता बांगडीचा आवाज आला. मग स्टूल ओढल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कटला.

"बाबा, मी खोली बदलली मागच्या आठवड्यात," ती म्हणाली. "सांगायचं राहून गेलं."

"का गं? ती बरी न्हवती?"

"भाडं वाढवलं. ही बरी आहे. फक्त खिडकीसमोर भिंत आहे." मग म्हणाली, "इथं गाडीचा आवाज येत नाही बाबा. झोपच लागत नाही नीट."

 तेवढ्यात रूळ गुणगुणायला लागले. पॅसेंजर. आज वेळेवर होती. मामांनी फोन उचलला, खिडकीशी गेले आणि गजांतून हात बाहेर काढून फोन रुळाकडं धरला. दुसरा हात वर. गाडी धडधडत गेली. मी ओट्याखाली तसाच. गाडी गेल्यावरही मामांनी फोन लगेच आत घेतला नाही.

"पाटी दिसली," ते म्हणाले. "बोल आता."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ती बोलली. खूप वेळ बोलली. काय बोलली ते मी सांगणार नाही. मी थापाड्या आहे, चहाड नाही. मिक्सर मात्र कधीच गार झाला होता. लाल बटण दाबायची कुणाला आठवण नव्हती.

पुढं मामांनी त्यात असं प्रावीण्य मिळवलं की मीच तोंडात बोट घातलं. बर्फाचे दोन तुकडे टाकले की मिक्सर एकदा थांबे. चार टाकले की दोनदा. रविवारी, तिला सुट्टी असे तेव्हा, सहा.

"सहा म्हणजे काय होतं?" मी विचारलं.

"सहा म्हंजी मालगाडी."

शेक संपला की मामा उरलेला अर्धा माझ्या दुकानात आणायचे. त्यांच्याकडं मेंढरांच्या वाड्यावर रीत होती, जो धार काढतो त्यानं एकट्यानं दूध प्यायचं नाही, दुसऱ्याला देऊन प्यायचं. तीच त्यांनी प्रोटीनला लावली. आम्ही दोघं पायरीवर बसून तो कडवट प्रकार प्यायचो आणि मामा पोरीच्या बातम्या सांगायचे. मी त्यांना माझ्या थापा सांगायचो. एकदा सांगितलं की मी दुरुस्त केलेल्या पंख्यानं परतुरातला एक किराणा दुकानदार उडून अंकुशनगरच्या साखर कारखान्यात पडला आणि तेव्हापासून तो गोड बोलतो. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "पाटी न्हाई दिसली अजून. पुढं सांगा." असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता.

किती महिने गेले ते मी मोजले नाहीत.

एका सकाळी मामा माझ्या पायरीवर बसता बसता कलंडले. ग्लास फुटला. मी पाणी मारलं, रिक्षा केली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, शुगर खाली गेली होती, आणि पायाला एक जखम आहे, ती यांनी कुणाला दाखवलेली नाही. संगीताला फोन मीच केला. दुसरं कोण करणार होतं?

ती दुसऱ्या दिवशी गाडी करून आली. फोनवर ऐकलेला आवाज पहिल्यांदा समोर उभा राहिला. बारीक अंगाची, डोळे बापाचे. तिनं दोन खोल्यांना कुलूप लावलं, बापाची एक पिशवी भरली. मामा गाडीत बसले. नारिंगी मिक्सर त्यांनी माझ्या हातात दिला.

"ठेवा. हिकडं आलो की लागंल. तिच्याकडं नवा है."

"आता काय मामा," मी म्हटलं, "आता पोरगी समोरच. चोवीस तास गेट लागलेलं."

मामांनी मान हलवली. गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेतून पंजा दिसला. तो मला थांबायला सांगत होता की निरोप घेत होता, ते मला कळलं नाही. मी उभा राहिलो.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"कसं काय मामा? मजेत?"

"हाव, मजेत. जखम भरायली. पोरगी लई करती."

"समोर असते ना आता!"

"असती ना. सकाळी सातला समोर असती, संध्याकाळी आठला समोर असती. मधी कामावर जाती. आल्यावर थकून जाती हो. डोळे उघडत न्हाईत तिचे."

"आणि शेक?"

"करती ना सकाळी. नवा मिक्सर है. लई ताकदीचा."  तिकडं कुठंतरी लिफ्टचा दरवाजा वाजला. "थांबतच न्हाई हो, मिस्त्री. बटन दाबलं की खल्लास. ग्लास हातात देती आन चप्पल घालती."

मी म्हटलं, रविवारी तरी? तर रविवारी कपडे, भाजी, झोप. मी म्हटलं, गाडीचा आवाज? तर म्हणाले, दहावा मजला. खिडकीसमोर भिंत.

फोन ठेवल्यावर मी दुकानात बसून राहिलो. फळीवर सगळ्या गावाचे मिक्सर रांगेत मुके. त्यात तो नारिंगी. मी त्यात पाणी आणि बर्फ घालून लावून पाहिला. घर्रर्र, कट्. शांत. पाच मिनिटं मी त्याच्यासमोर बसलो. बोलायला कुणी नव्हतं, तेव्हा मी मिक्सरलाच एक थाप सांगितली. त्याला पटली नाही.

त्याच दुपारी मी तो मिक्सर जुन्या धोतरात गुंडाळला, खोक्यात भरला, वाटूर फाट्यावर गेलो आणि पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हवाली केला. ड्रायव्हरला सांगितलं, आत नाजूक माणूस आहे. तो खोक्याला कान लावून बसला, असं मी लोकांना सांगतो. मामांना फोन केला. "मामीचा मिक्सर पाठवतोय. पोरीला सांगा, मला त्याच्यातलाच लागतो. दुसऱ्यातला उतरत नाही."

"आन नवा?"

"नवा चटणीला."

चार दिवसांनी संगीताचा फोन आला.

"काका, आईच्या मिक्सरचं काय झालंय? सारखा मधेच बंद पडतो. बाबा दुसऱ्यातला प्यायला तयार नाहीत. इथं जवळ एक दुकान आहे, तिथं दाखवू का?"

माझ्या पायाखालची फरशी सरकली. पुण्यातला कुणी शहाणा तो मिक्सर खोलणार, ते लहानगं बटण पाहणार, पाच मिनिटांत बदलून देणार. आयुष्यभर मी थापा मारल्या. कुणाला हसवायला, कुणाला थोपवायला, कधी नुसतं दुकान भरलेलं वाटावं म्हणून. पण त्या सगळ्या जणू या एकीची तालीम होती.

"खबरदार ताई," मी म्हटलं. "दुसऱ्यानं खोलला की मोटार गेली. त्याचा पार्ट आता कुठंच मिळत नाही. थांबला की पाच मिनिटं थांबायचं. दहा थांबलात तर उत्तम."

"सकाळी वेळ नसतो हो काका."

"आणि उठून जायचं नाही. समोर बसून राहायचं. वास येतो का पाहावं लागतं. जुन्या मिक्सरचं तसंच असतं."

तिकडं शांतता. इतकी लांब की एक मालगाडी जाईल. ती बापाची पोरगी होती, गेटवर वाढलेली. तिला काय कळलं, काय नाही, मला सांगता येणार नाही. मग मागून मामांचा आवाज आला, रोजच्यासारखा. "संगे, थांब. गाडी जाऊ दे."

"बरं काका," ती हळू आवाजात म्हणाली. "बसते."

स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

त्याला आता बरेच दिवस झाले. मामांचा फोन नाही. पहिल्या आठवड्यात मी वाट पाहिली, मग माझं मलाच हसू आलं. फोन कशाला करतील? त्यांच्याकडं आता बोलायला माणूस आहे. माझ्या हातचं काम इतकं चोख झालं की माझंच गिऱ्हाईक गेलं.

मी अजून सकाळी तो शेक करतो. मिक्सर नाही, बरणीत हलवून. पावडरचा एक डबा मामा विसरून गेले होते, तो संपत आलाय. रीत म्हणून दोन ग्लासांत ओततो. मग पायरीवर बसतो, भिंतीकडं तोंड करून. रूळ गुणगुणायला लागले की माझा पंजा आपोआप वर जातो.

पॅसेंजर येते. जाते. भिंतीमुळं इथून पाटी दिसत नाही. हात बराच वेळ वरच राहतो.